आत्याची यादी आणि शेहेचाळीस पाट्या

ती. आत्येस,

साष्टांग नमस्कार. (एरवी नुसतं लिहितो. आज खरंच आडवा पडून घालतो आहे असं समज. उठवायचं की नाही ते पत्र संपल्यावर ठरव.)

आधी ताजी बातमी. आज गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता आमच्या बसस्थानकावरच्या शेहेचाळीसच्या शेहेचाळीस पाट्या पुन्हा बसच्या वेळा दाखवू लागल्या. चौकशी खिडकीवरच्या बाईंनी सगळ्या फलाटांवर फिरून स्वतः खात्री करून घेतली आणि परत येताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "आता एकही पाटी गोळ्या देत नाहीये." बसस्थानकावरच्या पाट्या बसच्या वेळा दाखवतात यात कळवण्यासारखं काय, असं तुला वाटेल. मंगळवारी सकाळी तासभर त्या दुसरंच काहीतरी दाखवत होत्या. तेच सांगायला बसलो आहे, आणि सांगायचं टाळतही आहे, म्हणून पत्र लांबेल.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? पांढरी गोळी वेळेवर घेतेस ना? (हे मी नेहमीच विचारतो. यापुढे कदाचित अनोळखी माणसंही विचारतील.) आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे तुझी भाचेसून बरी आहे. मी जेवतो, झोपतो, पण आरशात बघून दाढी करायची वेळ आली की नजर चुकवतो, त्यामुळे हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं आहे. फोन करणार होतो. सून म्हणाली, "फोनवर तुम्ही गुडघ्याची चौकशी कराल, पावसापाण्याचं बोलाल आणि ठेवून द्याल. लिहा." म्हणून लिहितो आहे. उद्या तुमच्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे पत्र देईन. त्याने वाचलं तरी हरकत नाही. यात त्याला ठाऊक नसलेलं फारसं काही उरलेलं नाही.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या बोलक्या डब्यापासून सुरुवात करावी लागेल. तुला वेळच्या वेळी आठवण करून द्यायला गेल्या वर्षी मी तो करून दिला, तेव्हा त्याचा सगळा शहाणपणा आत एका नखाएवढ्या कार्डात होता. तू मिक्सर लावायचा म्हणून त्याचा प्लग उपटायचीस आणि कार्ड मरायचं. अशी तीन कार्डं गेली. (दोष देत नाही. मिक्सरशिवाय घर चालत नाही, डब्याशिवाय चालतं.) शेवटी मी ठरवलं, डब्यात काही ठेवायचंच नाही. आत फक्त एक इवलासा प्रोग्राम, त्याला बूटलोडर म्हणतात, आणि बाकीचं सगळं तुझ्या माळ्यावरच्या जुन्या संगणकात. परक्या घरी मुक्कामाला गेलेल्या माणसाला सकाळी अर्धवट जाग येते, आपण कुठे आहोत तेच आठवत नाही, आणि तो पडल्यापडल्या हाक मारतो: अहो, मी कुठे आहे, न्हाणीघर कुठे आहे आणि मी इथे कशाला आलोय? बूटलोडर म्हणजे एवढी हाक. वीज आली की डबा केबलमधून ओरडतो, माळ्यावरून उत्तर येतं, "तू आत्याचा डबा, ही घे तुझी यादी," आणि तो कामाला लागतो. गंमत अशी की हाकेला जो पहिला उत्तर देईल त्याच्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. दुसरा कितीही घसा फोडत आला तरी त्याचं ऐकत नाही.

आमच्या स्थानकावरच्या पाट्याही अशाच जाग्या होतात. त्यांना उत्तर देणारा सर्व्हर आमच्या मास्तरांचा. मास्तर म्हणजे माझे वरिष्ठ. शाळेत कधी शिकवलं नाही, पण खिशाला चार रंगांची पेनं आणि चूक सांगताना आवाज खाली आणायची सवय, म्हणून मास्तर. गेली तेवीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. त्यांचा सर्व्हर जुना आहे आणि सावध आहे. पाटीने हाक मारली की तो आधी तिचा नंबर यादीत शोधतो, आपलीच आहे ना याची खात्री करतो आणि मग उत्तर देतो. यात दोन-तीन सेकंद जातात. रोज सकाळी सहाला मास्तर हात पुसून मुख्य खटक्यासमोर उभे राहतात, सगळ्या पाट्या बंद करतात, मनात वीस आकडे मोजतात आणि चालू करतात. याला आम्ही पाट्यांची आंघोळ म्हणतो. एक दिवस चुकली तर पाट्या दुपारपर्यंत आंबतात आणि कालच्या वेळा दाखवू लागतात.

आता माझं कर्तृत्व. मागच्या रविवारी तू फोनवर यादी दुरुस्त करून सांगितलीस. नवी गोळी, उठायची नवी पद्धत आणि तुझ्या समोरच्या घरातल्या बाईंनी दार वाजवलं तर काय करायचं ती सूचना. सोमवारी संध्याकाळी काम संपल्यावर मी स्थानकावरच्या दुरुस्ती कार्यशाळेत बसून ती यादी माझ्या लॅपटॉपवर चढवली, तुला जरा कमी ऐकू येतं म्हणून मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून रेकॉर्ड केली, आणि बाकावरच्या एका बोर्डावर चालते का ते पाहिलं. झकास चालली. भिंतीवर केबलची दोन भोकं आहेत. वरचं फक्त कार्यशाळेपुरतं, खालचं सबंध स्थानकाचं. वरच्या भोकाची पकड सैल झाली आहे, केबल सारखी निसटते, म्हणून मी ती खालच्यात खुपसली. आणि घरी जाताना लॅपटॉप तसाच चालू ठेवला.

खालच्या भोकावर एक सूचना चिकटवलेली आहे: "यात बाहेरचे काहीही जोडू नये. कोणत्याही परिस्थितीत नाही." खाली सही माझी आहे. (लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं तू मला लहानपणी घोकून घेतलेलंच आहेस.)

मंगळवारी सहा वाजता मास्तरांनी पाट्यांना आंघोळ घातली. शेहेचाळीस पाट्यांनी एकदम हाक मारली. मास्तरांचा सर्व्हर चष्मा लावून यादी उघडत होता. माझा लॅपटॉप काही तपासत नाही. विचारेल त्याला सांगतो. त्याने शेहेचाळीसही जणींना सांगितलं की तुम्ही आत्याचा डबा आहात.

मी पावणेसातला फाटकातून आत शिरलो तेव्हा पाट्यांच्या भोंग्यातून कुणीतरी म्हणत होतं, "आत्या. कवळी. पेल्यात आहे. पेला. खिडकीत आहे." माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? मला वाटलं, तू गावाला निघालीस, वाटेत आमच्या स्थानकावर उतरलीस आणि तुला कुणीतरी शोधतंय. मी चक्क इकडेतिकडे पाहिलं. मग वर पाहिलं. फलाट क्रमांक एकपासून थेट शेवटपर्यंत, जिथे जिथे गावांची नावं असतात तिथे तिथे, पिवळ्या अक्षरांत, तुझी कवळी.

त्याआधी काय काय झालं ते मला चौकशीच्या बाईंनी नंतर सांगितलं. (त्या रंगवून सांगत असतील, असं मानायला मला आवडेल.) सहा दहाला पाट्यांनी "आत्या, ऊठ. आधी कूस बदल. मग बस. मग उभी राहा. घाई नाही" असं जाहीर केलं. बाकांवर पेंगणाऱ्या निदान चाळीस बायका दचकून उठल्या, कारण जगात कुणाची ना कुणाची आत्या नसलेली बाई सापडणं कठीण. जलद गाडीच्या ड्रायव्हरने "घाई नाही" हा वरून आलेला आदेश समजून गाडी बारा मिनिटं थांबवली आणि तशी नोंदही केली. साडेसहाला "पांढरी गोळी. पिवळी नव्हे" आलं, तेव्हा तीन वृद्ध प्रवाशांनी खिशातून डब्या काढून पांढऱ्या गोळ्या घेतल्या, आणि एक निवृत्त गृहस्थ चौकशी खिडकीवर भांडायला गेले की आमच्या डॉक्टरांनी पिवळी आधी सांगितली आहे, तुम्ही कोण बदलणार? आणि "पेला खिडकीत आहे" हे ऐकल्यावर अर्ध्या स्थानकाने मान वळवून बाईंच्या खिडकीकडेच पाहिलं. बाईंचा पाण्याचा पेला तिथे होता. त्यांनी तो उचलून सगळ्यांना उलटा करून दाखवला.

मास्तरांनी तोवर सर्व्हर तीनदा आणि पाट्या तीनदा बंद-चालू केल्या होत्या. प्रत्येक वेळी तूच परत येत होतीस. मी कार्यशाळेत धावत गेलो तेव्हा समोरच्या बाईंविषयीची सूचना चालू झाली होती. ती मी इथे पुन्हा लिहीत नाही. "श्वास धरून बस" इथपर्यंत ती पूर्ण गेली, एवढंच सांगतो. मी केबल उपटली. लॅपटॉप बंद केला.

इथवरचं सगळं गाढवपण आहे, आत्या, आणि गाढवपणाची लाज दोन दिवसांत उतरते. यापुढचं उतरत नाही.

मी लॅपटॉप परत उघडला आणि तुझं सगळं पुसून टाकलं. यादी, आवाज, सगळं. दोन मिनिटं लागली. मग हातात उगाच एक स्क्रूड्रायव्हर घेऊन सर्व्हरच्या खोलीत गेलो. मास्तर घामाघूम होऊन चौथ्यांदा खटका दाबत होते आणि दारात स्थानकप्रमुख साहेब उभे होते. साहजिकच, या वेळी पाट्या नीट उठल्या. साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं?" मास्तर म्हणाले, "बघतो." आणि मी, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं तो मी, म्हणालो, "मास्तरांचा सर्व्हर आता म्हातारा झालाय, साहेब."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पाटीचा नंबर यादीत सापडला नाही की ते जसे बघतात, तसं. चोराच्या उलट्या बोंबा हे शब्द मी आयुष्यात हजारदा वापरले असतील. त्या बोंबा मारताना घशाला काय वाटतं ते त्या दिवशी कळलं.

साहेबांनी ताबडतोब सर्व्हर बंद करायला लावला. पाट्या काळ्या झाल्या आणि दोन दिवस चौकशीच्या बाई शेहेचाळीस पाट्यांचं काम एका घशाने करत होत्या. बुधवारी दुपारी कागद निघाला: सर्व्हर भंगारात जाईल, प्रकाराची जबाबदारी मास्तरांची, त्यांच्या सेवापुस्तकात "निष्काळजी" असा शेरा का मारू नये याची चौकशी सोमवारी अकराला. मास्तर निवृत्त व्हायला सव्वीस दिवस उरले आहेत, आणि त्या पुस्तकात एकतीस वर्षांत शाईचा डागसुद्धा नाही. कागदावर त्यांनी लगेच आपला खुलासा लिहून दिला. दोनच ओळी: "सर्व्हर उत्तर द्यायला उशीर लावतो हे मला माहीत होते. चूक माझी."

संध्याकाळी आम्ही दोघं चहाला बसलो होतो. मी कपात बघत होतो. मास्तर सहज विचारल्यासारखं म्हणाले, "आत्या बऱ्या आहेत ना? पिवळी जेवणानंतरच घेतात ना त्या?"

माझा चहा मांडीवर सांडला. (कढत होता. बरं झालं.) मी विचारलं, "तुम्ही ओळखलंत?"

"अहो, तेवीस वर्षं शेजारी बसलोय. आमच्या भोंग्यातून बाकी कुणाला माणसाचा आवाज ओळखू येत नाही हे तुमचं नशीब."

"मग साहेबांसमोर बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो," मास्तर म्हणाले, आणि पैसे देऊन उठले. नेहमीप्रमाणे माझ्याही चहाचे.

आज सकाळी कामावर जाताच मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. खालचं भोक, लॅपटॉप, तू, तुझी यादी, पुसून टाकणं, म्हातारा सर्व्हर. उभ्याने, न थांबता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तरांवर तुमचा जीव आहे, ते मला समजतं. पण जाणाऱ्या माणसासाठी असं नाटक करू नका." मी म्हटलं, नाटक नाही, खरंच मी. ते हसले. "तुम्ही? अहो, तुम्ही घरी पेन्सिल नेली तरी नोंद करून नेता. आणि त्या भोकावर सूचना कुणाच्या सहीची आहे?" मी लॅपटॉप समोर ठेवला. तो कोरा, मी स्वतःच पुसलेला. त्यांनी तो मिटून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बरं, कुठे आहे तुमची ती आत्या? आणा की." आणि हसतच पुढच्या फायलीकडे वळले. आज पाट्या चालू झाल्या त्या माझ्या कबुलीमुळे नव्हे, हेही सांगून टाकतो. बाईंनी, घसा पूर्ण बसल्यामुळे, एका चिठ्ठीवर "आजपासून मी फक्त मान हलवेन" असं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं, म्हणून. तीही सवलत सोमवारपर्यंतच आहे.

आजवर लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून मी अनेकदा चिडलो असेन. माझ्या चांगल्या नावामुळे माझं खरं खोटं ठरावं, ही वेळ पहिलीच. आणि त्या चांगल्या नावाचंही खरं सांगायचं तर, पेन्सिलीची नोंद करणाऱ्या याच माणसाने तुझ्या डब्यातला बोर्ड आमच्या भंगारातून उचलला होता. एका पाटीचा कोपरा फुटला होता, आतला बोर्ड धडधाकट होता. मी भंगाराच्या वहीत "तोडून टाकला" असं लिहिलं, सही केली आणि तो पिशवीत घालून घरी आणला. तुला मात्र "ऑफिसने दिला" म्हणून सांगितलं, आणि तू देवासारखी माणसं आहेत म्हणालीस. तुझी यादी आमच्या पाट्यांना एवढी चपखल बसली ती म्हणूनच. डबा आणि पाट्या, दोन्ही एकाच घरचे.

असो. मन मोकळं केलं. तुझ्याकडे मागणं काही नाही. अकरा वर्षं तू कवळी अख्ख्या गावापासून लपवलीस, "घरातलं घरात" हे तुझं वाक्य, आणि मी ती शेहेचाळीस ठिकाणी टांगली. तेवढं पोटात घाल. नाव कुठेही आलं नव्हतं, गावही नाही. तू कोण हे इथे कुणालाही ठाऊक नाही, त्याची काळजी करू नकोस. सून नमस्कार सांगते.

तुझा,
थोरला भाचा

ता. क. कुणालाही ठाऊक नाही असं वर लिहिलं, ते मास्तर सोडून. आणि चौकशीच्या बाई सोडून, आज दुपारी त्यांनी आणखी एक चिठ्ठी दिली: "आत्यांना सांगा, श्वास कशाला धरायचा, आतून कडी लावली की पुरते." मी खुलासा विचारला तर त्यांनी मान हलवली.

पुन्हा ता. क. मागणं काही नाही हेही खरं नाही. सून पत्र वाचून म्हणाली, "यात मुख्य ते कुठे आहे?" मुख्य ते असं: तुझी जुनी यादी, माझ्या आवाजातली, अजून तुझ्या माळ्यावरच्या संगणकात आहे. आता जगात तेवढाच पुरावा उरलाय. तो संगणक आणि स्वयंपाकघरातला डबा घेऊन तू सोमवारी इथे यावंस. चौकशीच्या खोलीत डबा लावायचा, तो बोलेल, आणि ही यादी माझीच, हे तुला तिथे चार माणसांसमोर सांगावं लागेल. कवळीसकट. बोर्डाचा नंबर ते भंगाराच्या वहीशी ताडून बघतील आणि माझ्यावर दुसरा ठपका बसेल. त्याचं मी बघून घेतो. संगणक जड आहे, तू उचलू नकोस, ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे. समोरच्या बाईंना काय कारण सांगायचं ते तुझं तू ठरव. मी सुचवलेलं हल्ली फार लांबपर्यंत ऐकू जातं.

शेवटचं. तुमच्या गावची पहिली गाडी सोमवारी नऊ चाळीसला फलाट सातवर लागणं अपेक्षित आहे. चौकशी अकराला. तू आलीस तर मास्तरांचं नाव सुटेल आणि माझं लागेल. नाही आलीस तरी मी उभा राहून हेच सगळं पुन्हा सांगणार आहे; फक्त मग त्या खोलीत माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस असेल, आणि चौकशी त्यांचीच असेल.